दारातला नमस्कार

बाबाने दारात चपला काढल्या, पाय जुळवले, हात मांड्यांना लावले आणि कमरेतून वाकून नमस्कार केला. समोर चंद्रप्रकाश उभा होता. कंपनीतून तडक क्लासला आलेला, अंगात अजून कंपनीचीच खाकी पँट, कारण कराटेचा पांढरा ड्रेस तो त्या दिवशी घरी विसरला होता आणि तोच पिशवीत घालून बाबा मरोळच्या शाळेच्या हॉलपर्यंत चालत आला होता. मागे पोरं रांगा लावत होती. सगळं क्षणात झालं. क्लासच्या दर संध्याकाळी त्या दारातून पोरं येतात, वाकतात, आणि तो मान इंचभर खाली घेऊन ‘हं’ म्हणतो. तशीच त्याने आताही मान इंचभर खाली घेतली आणि ‘हं’ म्हटलं. मग बाबा सरळ झाला, पुढे येऊन पिशवी हातात दिली, “इस्त्री केलेली आसा, चुरगळू नको” म्हणाला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. चंद्रप्रकाश पिशवी घेऊन कपडे बदलायला शाळेच्या सामानाच्या खोलीत गेला. तिथे पँटची चेन उघडताना त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला आत्ता आपल्या बापाने नमस्कार केला, आणि आपण तो घेतला.

आई होती तेव्हा सांगायची, मोठ्या माणसाने लहानाला नमस्कार केला तर लहानाचं आयुष्य कमी होतं. चंद्रप्रकाशचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी ड्रेसची नाडी बांधताना त्याने दोनदा चुकीची गाठ मारली. बाहेर आला, रांगेसमोर उभा राहिला आणि ‘रे’ म्हणाला. सगळी पोरं वाकली. हा ‘रे’ जपानी होता. नमस्कार करा असा हुकूम. पहिल्या वर्षी पोरं या हुकमाला खिदळायची, कारण अख्ख्या अंधेरीत ‘रे’ म्हणजे काय रे, ए रे, गप रे. ज्या शब्दाने आपण कुणालाही टपली मारतो त्या शब्दावर खाली वाकायचं, हे त्यांच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. आता शिरलं होतं. ‘रे’ म्हटलं की पाठी आपोआप खाली जायच्या. पालकांना तेच आवडायचं. लाथा-बुक्क्या कुणाला हव्या होत्या? व्हिडिओवर मारामारीचे पिक्चर बघून पोरं नाव घालायची, पण फी भरणारे आईबाप यायचे ते शिस्तीसाठी. आमचा उलट बोलतो, सर. आमची पाहुण्यांसमोर पाय पसरून बसते, सर. चंद्रप्रकाश त्यांना म्हणायचा, हात-पाय मागाहून शिकतील, आधी मान शिकेल. हे वाक्य त्याने स्वतः तयार केलं होतं आणि त्याला ते फार आवडायचं. हॉलच्या दारावरचा बोर्डही त्यानेच रंगवला होता: चपला बाहेर काढाव्यात, आत येताना वाकून नमस्कार करावा. दाराच्या बरोबर समोर त्याची उभं राहायची जागा होती. त्यामुळे दारातून येणारा प्रत्येक नमस्कार सरळ त्याच्याकडे यायचा, आणि इतक्या वर्षांत त्याला त्याची सवय झाली होती. आज बोर्डाने त्याच्या बापालाही वाकवलं. एवढंच झालं असेल, तो स्वतःला म्हणाला, आणि पोरांना मुठी वळायला सांगितल्या.

पण एवढंच झालं नव्हतं, निदान त्याच्या आत तरी. क्लास सुटल्यावर दोघं चकाल्याच्या चाळीकडे चालत निघाले तेव्हा त्याला वाटलं होतं, बाबा काहीतरी बोलेल. हसेल, चिडवेल, मोठो सर झालंस म्हणेल. पण तो पुढे चालत होता, हात मागे बांधून, मिलमधून सुटल्यावर चालायचा तसा, फक्त आता मिल नव्हती. संप सुरू झाला तेव्हा सगळ्यांनाच वाटलं होतं की गणपतीपर्यंत मिटेल. मग दिवाळीपर्यंत मिटेल असं वाटलं. पुढे कुणी सण सांगायचं बंद केलं. बाबा काही दिवस गावी जाऊन आला, काही दिवस लालबागेत जुन्या खोलीवर जाऊन बसायचा, आणि शेवटी पत्र्याची पेटी घेऊन चंद्रप्रकाशकडे राहायला आला. आल्यावर त्याने कधी एका शब्दाने तक्रार केली नाही. नळाचं पाणी भरायचा. कपड्यांना इस्त्री करायचा, आणि इतकी छान करायचा की सुनेला, अनुपमाला, शेजारणी विचारायच्या. चंद्रप्रकाशला ती इस्त्री बघवायची नाही. साचेखात्यात चार चार साचे, म्हणजे माग, चालवणारा माणूस, कापडाला बोट लावून सूत सांगणारा, तो आपल्या लेकाच्या शर्टाची कॉलर दाबत बसतो. यावर बोलायचं कसं हे त्याला कळायचं नाही, म्हणून तो ‘कित्याक करतंस, रवांदे’, कशाला करतोस, राहू दे, एवढं म्हणायचा आणि इस्त्रीचा शर्ट घालून जायचा.

त्या चालण्यात त्याला एक जुनी संध्याकाळ आठवली, जी तो सहसा आठवू द्यायचा नाही. तो लहान होता, शाळेत जाणारा, आणि आईने डबा देऊन मिलच्या गेटवर पाठवलं होतं. गेटच्या आत लहान मुलांना सोडत नसत. तो गजांना धरून उभा होता. आतल्या बाजूला खुर्ची टाकून एक जाडा जॉबर, कामावर माणसं घेणारा मुकादम, बसला होता, तोंडात पान, आणि त्याच्यासमोर बदलीवाल्यांची रांग. बदलीवाला म्हणजे कायमचा नसलेला; कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी घ्यायचा, नाही तर परत पाठवायचा. बाबा तेव्हा बदलीवालाच होता. त्याची पाळी आली तेव्हा तो जॉबरसमोर वाकला. फार नाही, पाठ जराशी पुढे, मान खाली. जॉबरने त्याच्याकडे बघितलंही नाही, पानाचा तोबरा भरलेल्या तोंडाने ‘हं’ केलं आणि बोटाने आत जायला सांगितलं. बाबा आत गेला, आणि मग वळून गजांपाशी येऊन डबा घेतला. त्याचा चेहरा नेहमीसारखाच होता. चंद्रप्रकाशला मात्र घरी जाईपर्यंत रडू येत राहिलं आणि आईने विचारल्यावर त्याने सांगितलं की पायात काटा गेला. आता इतक्या वर्षांनी तेच ‘हं’ त्याने स्वतःच्या तोंडून ऐकलं होतं. बाबा ज्याच्या हातात भाकरी होती त्याच्यासमोर वाकला होता. आज भाकरी कुणाच्या हातात होती? हा विचार त्याच्या मनात आला आणि मग काही केल्या जाईना. बाबा स्वतःला आपला बाप समजतो की आपल्याकडे बदलीवर घेतलेला माणूस समजतो? हे कळल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं, आणि विचारायची हिंमत नव्हती, कारण उत्तर कुठलं येईल ते माहीत नव्हतं.

जेवताना त्याने अनुपमाला हळूच सांगितलं. बाबा गॅलरीत हात धूत होता. अनुपमा भाताची मूद वाढता वाढता म्हणाली, “मग त्यात काय झालं? बोर्ड तुम्हीच लावलाय ना?”

“बोर्ड पोरांसाठी आहे.”

“पोरांसाठी असं लिहिलंय का त्यावर?” ती म्हणाली. “एवढं लागलं असेल तर विचारा त्यांना. खाणार आहेत का तुम्हाला?”

खाणार नव्हता. पण बाबा आत आला, पाटावर बसला, आणि आधी चंद्रप्रकाशच्या ताटाकडे बघितलं. त्याला वाढलं आहे ना हे बघून मग स्वतःचा घास घेतला. बाबा हे कायमच करायचा. लहानपणी चंद्रप्रकाशला ती माया वाटायची. आज मात्र त्याला कळेना की ही माया आहे, की मालक जेवल्यावर जेवायची रीत आहे. एकदा शंका घरात शिरली की ताटातल्या मिठालाही वेगळी चव लागते. 

पुढच्या क्लासला बाबा पुन्हा आला. या वेळी विसरलेलं काही नव्हतं. “बसान काय करू घरात,” एवढंच म्हणाला. दारात थांबला, चपला काढल्या, वाकला, आणि दाराच्या आत पायरीवर भिंतीला पाठ लावून बसला. चंद्रप्रकाशने या वेळी आधीच तोंड फिरवलं होतं. एका पोराचा पट्टा नीट बांधायचं नाटक करत तो खाली बसला, म्हणजे नमस्कार त्याच्या डोक्यावरून जाईल. त्यानंतर क्लासच्या प्रत्येक दिवशी असंच. बाबा यायचा, वाकायचा, आणि त्या वेळी चंद्रप्रकाशला हॉलच्या दुसऱ्या कोपऱ्यात काहीतरी तातडीचं काम निघायचं. कधी खिडकी लावायची, कधी कुणाची मूठ तपासायची. हळूहळू त्याची उभं राहायची जागाच बदलली. पोरांना वाटलं सरांना पंखा हवा असेल. पोरं दारात वाकायची आणि समोर कुणीच नसायचं, तरी वाकायची.

पायरीवर बाबाला सोबतही मिळाली होती. अंजनाबाई. मूळची मढची, कोळीण, मरोळच्या बाजारात सुक्या मासळीचा वाटा लावून बसायची. तिची मुलगी विमला क्लासमधली सगळ्यात लहान मुलींपैकी एक. अंजनाबाई बाजार आवरून लेकीला न्यायला यायची, आणि ती आली की हॉलभर सुक्या बोंबलांचा वास यायचा. बाबाला तो वास फार आवडायचा. दोघं पायरीवर बसून गावच्या वाऱ्याबद्दल, सुकटीच्या भावाबद्दल, गुडघेदुखीबद्दल बोलायची, आणि दोघंही एकमेकांना पहिल्या दिवसापासून तू म्हणायची. मालवणीत तू असतं आणि कोळ्यांतही तूच असतं. बापाला तू, सासऱ्याला तू, देवाला तर तूच. एकदा अंजनाबाई सगळ्या पालकांसमोर चंद्रप्रकाशला म्हणाली, “मास्तर, माजी पोरगी तुला भिते हां. घरी माजा ऐकत नाय, तुजा नाव काढला का गप बसते.” बाकीचे पालक हसले. चंद्रप्रकाशही हसला, पण ते ‘तुला’ त्याच्या कानाला लागलं.

लागायला कारण होतं. कंपनीत तो स्टोअरमध्ये होता आणि तिथे त्याला सगळे ‘ए चंदू’ म्हणायचे. काल लागलेला, मिसरूड न फुटलेला इंजिनियरही ‘ए चंदू, दोन इंची बोल्ट काढ रे’ म्हणायचा. राग यायचं काही कारण नव्हतं, कंपनीची रीतच तशी होती. पण संध्याकाळी पांढरा ड्रेस घातला, काळा पट्टा आवळला की तोच माणूस सर व्हायचा आणि त्याला तुम्ही म्हटलं जायचं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणी तुम्ही म्हटलं ते या पट्ट्यामुळे. त्याच्याच एका विद्यार्थ्याच्या आईने म्हटलं होतं, आणि त्याने मागे वळून बघितलं होतं की ही कुणाशी बोलते आहे. ती गोष्ट त्याने अनुपमालाही सांगितली नव्हती. तेव्हापासून त्याने क्लासमध्ये नियम केला की मोठ्यांना तुम्ही म्हणायचं. आईला, वडिलांना, रिक्षावाल्याला, सगळ्यांना. गंमत अशी की घरी तो स्वतः बापाला तू म्हणायचा. मालवणीत दुसरं काही जिभेवर येईना. आणि क्लासमध्ये, पोरांसमोर, बाबाला हाक मारायची वेळ आली की तो हाकच मारायचा नाही. तू म्हणावं तर नियम मोडतो, तुम्ही म्हणावं तर बाबा परका होतो. म्हणून नुसता जवळ जाऊन उभा राहायचा आणि बाबा वर बघेपर्यंत थांबायचा.

असे काही आठवडे गेले. चंद्रप्रकाशची झोप ठीक होती, कंपनीत काम ठीक होतं, सगळं वरून ठीकच होतं. फक्त तो पोरांशी कडक होत चालला होता. कुणी वाकताना मान आधी वर काढली तर पुन्हा वाकायला लावायचा. कुणी ओठ हलवले तर रांगेबाहेर काढायचा. नमस्कारावर इतका वेळ जायचा की लाथ मारायची पाळीच येईना, आणि पोरं कंटाळून एकमेकांना डोळे मारायची. त्यालाही कळत होतं की हे बरोबर नाही. पण पोरं नीट वाकली की त्याला थोडा वेळ बरं वाटायचं. नमस्कार कसा असावा हे त्याला माहीत होतं, त्यात गोंधळ नव्हता, वर कोण खाली कोण हे स्पष्ट होतं. गोंधळ फक्त पायरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्याचा होता, जो इस्त्री करायचा, ताटाकडे बघायचा आणि दारात वाकायचा.

त्या सोमवारी बाबा अजून आला नव्हता. चंद्रप्रकाश पोरांना एक लांबलचक कवायत करून दाखवत होता, एका पाठोपाठ एक वार आणि अडवणी. मधेच तो चुकला. डावीकडे वळायचं ते उजवीकडे वळला, थांबला, पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच चुकला. हॉलमध्ये शांतता होती. घाम त्याच्या कपाळावरून डोळ्यांत येत होता. तेव्हा पुढच्या रांगेतून विमला म्हणाली, “सर, तू बस ना जरा. तुला किती घाम आयलाय.”

एक मुलगा फिसकन हसला. मग दोघं-तिघं हसली. चंद्रप्रकाशच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ती काय म्हणाली ते त्याने ऐकलंच नाही, त्याने फक्त तू ऐकलं. तो शांत आवाजात म्हणाला, “विमला, सरांना काय म्हणायचं?” ती गोंधळली. त्याने पुन्हा विचारलं. तिने विचार केला आणि म्हणाली, “ओस?” ‘होय सर’साठी क्लासमध्ये वापरायचा हा जपानी शब्द; काही चुकलं तर तो म्हटला की भागायचं, असा तिचा अनुभव होता. पोरं आता मोठ्याने हसली. चंद्रप्रकाशने भिंतीकडे बोट दाखवलं. “तिथे जाऊन गुडघ्यांवर बस. मी सांगेपर्यंत उठायचं नाही.” ती गेली, गुडघे दुमडून टाचांवर बसली, पाठ ताठ, तळवे मांड्यांवर, शिकवलं होतं अगदी तसं.

मग त्याने क्लास पुढे चालवला. आधी त्याचं लक्ष तिच्याकडे होतं. नंतर पोरांच्या जोड्या लावल्या, दोन पोरांची खरीच मारामारी जुंपली ती सोडवली, एकाच्या नाकातून रक्त आलं त्याला नळावर पाठवलं. मग पुन्हा तेच डोक्यात फिरू लागलं. बाबा आज का आला नाही? काल रात्री त्याने बाबाला म्हटलं होतं, थंडी आसा, नको येव रोज. त्याला वाटलं असेल का, की मालकाने सुट्टी दिली? की कमी केलं? हसायला यावं असा विचार, पण हसू आलं नाही. तो मोजणी ओरडत राहिला, पोरं हवेत मुठी मारत राहिली, खिडकीबाहेर दिवे लागले. भिंतीशी बसलेली विमला तो साफ विसरला.

दारात सावली पडली तेव्हा त्याने सवयीने मान फिरवली, पण या वेळी उशीर झाला होता. बाबा आला होता. त्याने दारातूनच भिंतीकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा बदलला हे चंद्रप्रकाशला स्पष्ट दिसलं. तरी बाबा थांबला. चपला काढल्या. पाय जुळवले. वाकला. मग सरळ झाला आणि ताडताड चालत हॉलच्या मधोमध आला.

“काय रे!” तो ओरडला.

आणि सगळी पोरं वाकली. ‘रे’ ऐकल्याबरोबर, मुठी जिथे होत्या तिथे सोडून, एकजात कमरेतून खाली. चंद्रप्रकाशची मानही अर्धी खाली गेली होती. बाबाचं तिकडे लक्षच नव्हतं.

“ह्या चेडवाक कवापासून असा बसवन ठेवलंस? पाय बघ त्येचे. काळे-निळे पडले. तुका काय अक्कल आसा की नाय?”

चंद्रप्रकाश म्हणाला, “ती मला...” आणि थांबला. “ती सगळ्यांसमोर मला तू म्हणाली.”

“मगे?” बाबा म्हणाला. “तू माका काय म्हणतंस? तूच म्हणतंस मां? मगे माझो मान खंय गेलो?”

पोरांना मालवणी कळली की नाही कोण जाणे, पण सरांना ओरडा बसतो आहे हे सगळ्यांना कळलं होतं. कुणी हललं नाही. कुणी हसलं नाही. काही अजून वाकलेलीच होती, कारण उठायचा हुकूम मिळाला नव्हता. चंद्रप्रकाश काळा पट्टा बांधून बापासमोर उभा होता, आणि त्याला जे वाटायला हवं होतं ते वाटत नव्हतं. अपमान वाटत नव्हता. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा छाती मोकळी झाल्यासारखं वाटत होतं. बदलीवाला असा ओरडत नाही. ज्याच्या घरात भाकरी खातो त्याची अक्कल चारचौघांत कुणी काढत नाही. हा आपला बापच आहे, शाळेतून पाटी फोडून आल्यावर ओरडला होता तोच. त्याला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते घामात खपून गेलं. “चुकलं, बाबा,” तो म्हणाला. सगळ्यांसमोर हाक मारली, पहिल्यांदाच.

मग तो भिंतीपाशी गेला आणि विमलासमोर गुडघ्यांवर बसला, कारण उभं राहून बोलणं आता शक्य नव्हतं. तिने मान वर केली नव्हती. पाठ अजून ताठ होती. तो म्हणाला, “विमला, ऊठ. दुखतंय का गं?” तिने उठायचा प्रयत्न केला पण पायांत मुंग्या आल्या होत्या, ती बाजूला कलंडली आणि त्याने तिला धरलं. “मी विसरलो गं,” तो म्हणाला. “तू मला हाक का नाही मारलीस?”

ती म्हणाली, “तूच बोललास ना, मी सांगेपर्यंत उठायचं नाय.”

तिच्या आवाजात ना राग होता ना रडू. सांगितलं तसं केलं, एवढंच. या हॉलमध्ये आजवर इतक्या मुलांनी त्याला इतक्यांदा तुम्ही म्हटलं होतं, पण त्याचा शब्द कुणी एवढा पाळला नव्हता. तो तिच्या पोटऱ्या चोळू लागला, आणि तिला गुदगुल्या झाल्या. अंजनाबाई आली तेव्हा त्याने तिला सगळं खरं सांगितलं. ती आधी डोळे मोठे करून बघत राहिली. मग म्हणाली, “परत आसा केलास ना मास्तर, तर बघ माज्याशी गाठ हाय.” आणि लेकीला पाठीवर घेऊन निघाली. पाठीवरून विमलाने त्याला हात हलवला.

पोरं गेल्यावर त्याने हॉलला कुलूप लावलं आणि दोघं नेहमीच्या रस्त्याने चकाल्याकडे निघाले. बाबा पुढे, हात मागे बांधून. रस्त्यावर कंपन्यांतून ओव्हरटाइम करून माणसं सुटत होती, सायकली घंट्या वाजवत जात होत्या. चंद्रप्रकाशचं मन हलकं होतं. इतकं हलकं, की जे विचारायची आजवर हिंमत झाली नव्हती ते त्याने सहज विचारलं, पानाच्या टपरीसमोरून जाताना. “बाबा, तू त्या दिवशी माका नमस्कार कित्याक केलंस?”

बाबा थांबला. वळून त्याच्याकडे बघितलं. “तुका?”

“होय. दारात. रोज करतंस.”

“तुका मी कित्याक करतलंय नमस्कार?” बाबा म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं. “बापूस मी तुझो. खुळो की काय? जागेक करतंय. तू कामाक लागतंस ती जागा. बोर्डार तसाच लिवलेला आसा मां?”

 चंद्रप्रकाशला त्याच्या कराटेच्या गुरूचे शब्द आठवले, पहिल्या दिवशीचे: दारात जो नमस्कार करायचा तो माणसाला नाही, ज्या जमिनीवर शिकायचं तिला. तोही सुरुवातीला पोरांना हेच सांगायचा. मग दरवाजासमोर उभं राहता राहता कधी सांगायचं थांबलं ते त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. आणि गेले इतके दिवस तो कोपऱ्या-कोपऱ्यांत लपत होता, त्याच्याकडे न येणाऱ्या नमस्कारापासून. त्याला हसू आलं. तो मोठ्यानेच हसला, आणि बाबाही हसला, नीटसं न कळता.

मग थोडं चालल्यावर बाबा म्हणाला, “मिलात गेल्यार आधी साच्याक हात, मगे कपाळाक. मगेच काम. सगळे तसाच करीत. तू बघूक नाय कधी, पोरांका आत सोडीत नसत.” तो पुढे बघत बोलत होता. “संपापासून खंय वाकूकच गावला नाय रे. देवळात वाकतंय, पण ता वेगळा. कामाच्या जागेक वाकूक गावला नाय. हय इल्यार बरा वाटता.”

चंद्रप्रकाशचं हसू गेलं. बाबा आपल्यासमोर वाकतो का, याचीच काळजी तो करत बसला होता. या माणसाला वाकायला एक जागा हवी होती, रोज इस्त्री करताना, नळावर पाणी भरताना, ती हवी होती, आणि ते त्याला एकदाही सुचलं नव्हतं.   तो म्हणाला, “बाबा, उद्या लवकर ये. माका कंपनीतसून येवक उशीर होता. हॉल तूच उघडत जा. फरशी झाडूची आसता, पोरांका रांगेत उभी करूची आसतत.”

 बाबाने मागे बांधलेले हात सोडले आणि सदऱ्याच्या खिशात काहीतरी चाचपल्यासारखं केलं.

“उद्या मंगळवार, क्लास नाय तुझो,” तो म्हणाला. “परवा. साडेपाचाक.” आणि ते तो पूर्वी घरात मिलची पाळी सांगायचा त्या आवाजात म्हणाला.